मुलांना घेऊन मालवणला: बॅग भरायची कशी?

मुलांबरोबरची पहिली सहल ठरली की आपण दिवस मोजायला बसतो. चार दिवस, म्हणजे इतके फ्रॉक, इतक्या चड्ड्या, इतके टॉवेल. दिवस नंतर मोजा, आधी हात मोजा. मोठी माणसं दोन, म्हणजे हात चार. धाकटा तीन वर्षांचा असेल तर एक हात त्याचा, आणि तो झोपला की दोन्ही त्याचे. थोरली आठ वर्षांची असली तरी फलाटावर तिचं मनगट कुणीतरी धरलेलं हवंच. मग सामानासाठी उरतो एक हात आणि दोन पाठी. त्यात मावेल तेवढंच सामान.

इथे उदाहरण म्हणून मुंबईचं असंच चौघांचं कुटुंब धरलं आहे. मे महिना, मालवणात चार रात्री, जाताना दिवसाची मांडवी एक्स्प्रेस आणि येताना रात्रीची कोकणकन्या. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर. कुडाळला गाडी थांबते जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात दोन मुलं, सगळं सामान आणि ऐन वेळी सीटखाली गेलेली चप्पल घेऊन उतरायचं असतं. मुंबईत गाडी सुटायच्या स्टेशनावर ती फलाटाला उभी असते, दमाने चढता येतं, त्यामुळे सामान जास्त झालंय हे तिथे कळतच नाही. ते कुडाळला कळतं.

आधी बॅगा ठरवा, सामान मागाहून

चाकांची एक मोठी बॅग आणि मोठ्यांच्या पाठीवर एकेक सॅक, एवढंच. थोरलीला तिची छोटी सॅक द्या, पण ती परतीपर्यंत तिलाच पेलली पाहिजे. पैसे, मोबाइल, तिकीट, ओळखपत्र असलेली पर्स आडवी गळ्यात. हातात लोंबकळणारी पिशवी नको. गाडीत विसरते ती पिशवीच, बॅग सहसा विसरत नाही.

रेल्वेच्या नियमाने थर्ड एसीत प्रौढ माणसाला 40 किलो सामान फुकट नेता येतं. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवून बॅग भरू नका. मोठी बॅग एका हाताने उचलून इमारतीचा एक मजला चढून-उतरून पाहा. दम लागला तर ती जड आहे. चाकांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, कारण होमस्टेच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि वाळूच्या वाटेवर चाकं काहीच कामाची नसतात.

मोठी बॅग वरपर्यंत भरू नका, चार बोटं जागा सोडा. निघताना दाराशी उभं राहून आजी लाडवांचा डबा हातात देणार आहे, आणि तिला नाही म्हणता येत नाही.

आठ दिवस आधी एक फोन

जिथे उतरणार आहात त्यांना फोन करा आणि सरळ विचारा: आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं? मच्छरदाणी आहे का? लाइट गेले तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? मुलांसाठी दूध आणि मऊ भात-वरण होईल का? औषध ठेवायला फ्रिज मिळेल का? कपडे धुवायची आणि वाळत घालायची सोय आहे का? प्रत्येक ‘हो’ला यादीतली एक वस्तू खोडता येते. मच्छरदाणी असेल तर डासांच्या क्रीमची एक ट्यूब पुरते, आणि दूध मिळणार असेल तर पावडरचा डबा घरीच राहतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर समुद्रातल्या बोटी सुरू आहेत का, तेही याच फोनवर विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते थेट पावसाळा सरता सरता सुरू होतात. होडीच नसेल तर किल्ल्यासाठी म्हणून घेतलेलं सामानही वगळता येतं.

तिकिटाचंही याच वेळी बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. बॅगेशी याचा संबंध असा की एसी डब्यात चादर-उशी बर्थमागे मिळते, माणसामागे नाही. धाकटा आईजवळ झोपणार, म्हणून त्याचं एक सुती दुपटं सॅकमध्ये वरच्या वर हवं. मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड घ्या, आणि मोठ्यांपैकी निदान एकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवंच.

कपडे: घड्या नकोत, संच करा

मुलांचे कपडे सुटे भरले की दुसऱ्या दिवशी बॅगेचा उकिरडा होतो. त्याऐवजी एका वेळच्या कपड्यांचा एक संच बांधा. टी-शर्ट पलंगावर पालथा पसरा, त्यावर अर्धी चड्डी, तिच्यावर आतली चड्डी आणि बनियन, बाह्या आत दुमडा आणि गळ्याकडून खाली घट्ट गुंडाळत या. त्याला रबर बँड लावा. थोरलीच्या संचांना एका रंगाचं रबर, धाकट्याच्या संचांना दुसऱ्या. आता बाबांना ‘त्याचे कपडे काढा’ म्हटलं की ते एक गुंडाळी काढतात, बाकीची बॅग जागेवर राहते. या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे, जागा वाचते ती वेगळी.

संच किती? थोरलीला दिवसाला एक आणि वर एक. धाकट्याला दिवसाला दोन, पण तीन दिवसांपुरतेच, पुढचं धुऊन. मेमध्ये कोकणात घामाने अंग चिकट असतं, पण उन्हात सुती कपडा दुपारपर्यंत कडकडीत वाळतो, त्यामुळे धुणं सोपं आहे. हाच हिशेब जुलैत लावू नका, तेव्हा दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. जीन्स कुणाचीच नको, मोठ्यांचीही. ती जड असते, घामाने चिकटते आणि भिजली की परतीपर्यंत ओलीच राहते.

समुद्रासाठी वेगळा एक संच ठेवा, जुनाच. ओल्या चड्डीत वाळू अडकली की मांड्या सोलवटतात आणि मग मूल दोन दिवस पाण्याजवळ जायला तयार नसतं. पाण्यात उतरायच्या आधी मांड्यांना आणि काखेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. बाहेर आल्यावर आधी अंग कोरडं होऊ द्या, मग टाल्कम पावडर लावून हाताने झाडा. वाळू आपोआप सुटते. ओलं असताना टॉवेलने खसाखसा पुसाल तर मूल रडेल, आणि तेही रास्तच.

पावलांसाठी मागे पट्टा असलेल्या सँडल. किल्ल्यावर दुपारी दगड तापतात आणि वाळूही पोळते, म्हणून अनवाणी नाही. टोपी हनुवटीखाली बांधायची असावी, नाहीतर होडीतच उडते. शिवाय एक मोठी सुती ओढणी घ्या. उन्हात सावली, गाडीत पांघरूण, धाकट्याला मांडीवर झोपवताना पडदा, समुद्रावर कपडे बदलताना आडोसा, सगळी कामं ती करते. टॉवेल जाड टर्किशचे नकोत, सुती पंचे घ्या. चौघांचे पंचे मिळून एका टर्किश टॉवेलएवढी जागा घेतात आणि तासाभरात वाळतात. नायलॉनची दोरी आणि सात-आठ चिमटे त्यांच्याच आत गुंडाळून टाका.

औषधांचा डबा

एक झाकणाचा डबा घ्या, पाऊच नको. पाऊचमध्ये बाटली आडवी होते आणि सिरप गळतं.

तापाचं औषध मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि ‘किती चमचे’ असं नव्हे, ‘किती मिलिलीटर’ हे लिहून घ्या. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलीटरला 125 मिलिग्रॅमचं मिळतं तसं 250 मिलिग्रॅमचंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब त्याहून कितीतरी तीव्र असतात. घरातली बाटली संपली म्हणून मालवणच्या दुकानातून दुसरी घेतली आणि माप जुनंच ठेवलं तर डोस दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर मुलाचं नाव, वजन आणि माप लिहा. सोबत मापाची सिरिंज आणि डिजिटल थर्मामीटर.

सर्दीचं सिरप ‘असू द्यावं’ म्हणून भरू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असा इशारा आता वेष्टणावरच छापावा लागतो, आणि कपाटातली जुनी बाटली बहुधा त्यातलीच असते. धाकट्याच्या चोंदलेल्या नाकाला सलाइनचे थेंब पुरतात.

ओआरएसची पाकिटं चार-पाच घ्या, डब्ल्यूएचओ सूत्राप्रमाणे असं लिहिलेली. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं असतं. पेल्यात थोडी पूड टाकून नाही, नाहीतर प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर ओता. म्हणून एक लिटरची खूण असलेली बाटली सॅकमध्ये हवी. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसची जागा घेत नाहीत, पाकीट दिसायला कितीही तसंच असलं तरी.

बाकी कापूस, बँडेज, जंतुनाशक मलम, खाजेवर कॅलामाइन, नेहमीची चालू असलेली औषधं, आणि शिंपल्यावर पाय कापला किंवा काटा घुसला तर चिमटा. मुलाला कशाची अॅलर्जी असेल तर ते कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. तुम्ही दोघंही जवळ नसताना मूल आजारी पडलं तर तो कागद बोलेल.

खाऊ: फक्त प्रवासापुरता

मालवणात मुलं उपाशी राहत नाहीत. घावणे, आंबोळ्या, मऊ भात-वरण, तिखट न घातलेला तळलेला माशाचा तुकडा यावर आमच्याकडची सगळी पोरं पोसली जातात. त्यामुळे मुक्कामाचा खाऊ बॅगेत नको. खाऊ हवा तो गाडीतल्या दिवसासाठी आणि परतीच्या रात्रीसाठी. मांडवीच्या पँट्रीचं नाव चांगलं आहे, मोठ्यांचं भागतं. पण धाकट्याला भूक लागते ती वेटर पुढच्या डब्यात गेल्यावर.

सगळ्यात भरवशाच्या दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, त्यात किसलेला गूळ आणि चमचाभर तेल. पोळीपेक्षा जरा जाड लाटायच्या, मंद आचेवर भाजायच्या. खरी गोम पुढे आहे. तव्यावरून काढलेली दशमी डब्यात टाकायची नाही. जाळीवर किंवा पंचावर एकेक वेगळी पसरून पूर्ण गार करायची. गरम असताना एकावर एक रचल्या की वाफेचं पाणी खालच्या दशमीत उतरतं, आणि मेच्या उकाड्यात ती संध्याकाळपर्यंत आंबूस लागते. गार झाल्यावर पातळ मलमलीत गुंडाळून डब्यात. त्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खायच्या. त्यापुढे टिकतात तिखटमिठाच्या पुऱ्या, तेलात खरपूस तळलेल्या.

ओलं खोबरं घातलेलं काहीही घेऊ नका, उन्हाळ्यात सगळ्यात आधी तेच विटतं. बटाट्याची कोरडी भाजी फक्त दुपारच्या जेवणापुरती. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भडंग हे सगळं चालतं. चिवडा आणि भडंग मात्र धाकट्याच्या हाती देऊ नका, कारण हलत्या गाडीत अख्खा शेंगदाणा घशात अडकण्याची भीती असते. सातूच्या पिठाची एक डबी ठेवा. ते भाजलेलंच असतं, गूळ आणि दूध किंवा पाणी घालून पेल्यात कालवलं की झालं. नाचणीच्या सत्त्वाला आणि खिमटाला शिजवावं लागतं, ती पिठं मोठ्या बॅगेत टाका. मुक्कामी स्वयंपाकघरात कुणीही पाच मिनिटांत करून देतं.

खाऊ एका मोठ्या डब्यात भरू नका. चार छोट्या डब्या करा आणि तीन-तीन तासांनी एक उघडा. एकच डबा असला तर तो पनवेलच्या आत संपतो.

हाताशी असणारी सॅक

मोठी बॅग सीटखाली सरकवली की मालवणपर्यंत उघडायची नाही, या हिशेबाने भरा. दोन पाठीवरच्या सॅकपैकी एकीत जास्तीचे कपडे आणि औषधांचा डबा, दुसरीत गाडीत लागणारं सगळं. या दुसऱ्या सॅकमध्ये दोन्ही मुलांचा एकेक संच, ओले पुसणे, रुमाल, कागदी साबण, रिकामी प्लॅस्टिकची बाटली (गाडीच्या संडासात साखळीच्या मगापेक्षा ती बरी), चार-पाच जाड पिशव्या, धाकट्याला रात्री डायपर लागत असेल तर दोन डायपर, दुपटं आणि खाऊ. आणि आईसाठी एक जास्तीचा कुर्ता. मूल ओकतं ते स्वतःच्या अंगावर थोडं आणि ज्याच्या मांडीवर असतं त्याच्या अंगावर जास्त.

थोरलीच्या सॅकमध्ये काय न्यायचं ते तिलाच ठरवू द्या, पण अट एकच: सॅक बंद झाली पाहिजे आणि ती तिनेच न्यायची. ‘आई, हा पण घेऊ?’ असं विचारत ती चौथं सॉफ्ट टॉय आणेल. नाही म्हणू नका. सॅक पाठीवर घेऊन घरात पाच फेऱ्या मारायला सांगा, तिसऱ्या फेरीला दोन खेळणी आपोआप बाहेर येतात. स्केचपेनऐवजी खडू द्या, कारण स्केचपेनची टोपणं हरवतात आणि बर्थ रंगतो. सोबत पत्त्यांचा एक कॅट आणि न दाखवलेलं एखादं नवीन पुस्तक, तेही रोह्यानंतर काढायचं.

कार्टून मोबाइलवर आधीच डाउनलोड करा. रोह्यापुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि बोगद्यांत नेटवर्क जातं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब आहे. मुलं कंटाळली की बोगदे मोजायला लावा, बराच वेळ जातो. पॉवर बँक भरून घ्या. परतीच्या गाडीत ती जास्त लागेल, कारण रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातली चार्जिंगची बटणं बंद ठेवतात.

गाडीने किंवा विमानाने जात असाल तर

स्वतःच्या गाडीने कोल्हापूरमार्गे उतरणार असाल तर घाटाची तयारी करा. फोंडा असो की आंबोली, वळणं मुलांना लागतात. निघताना पोट अर्धं भरलेलं असू द्या, दूध मात्र नको. जुनी वर्तमानपत्रं, पिशव्या, पाण्याची एक बाटली आणि आवळा सुपारी पुढच्या सीटपाशी ठेवा, डिकीत नको. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना चालत नाही.

विमानाने जाताना बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर माणशी 15 किलोची बॅग आणि 7 किलोचं हातातलं सामान चालतं, पण तुमच्या तिकिटावरचा आकडा वाचा. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

आदल्या दिवशी

बॅग दुपारी भरून संपवा. रात्री मुलं झोपल्यावर भरू म्हणाल तर ती झोपत नाहीत. भरताना जड ते चाकांच्या बाजूला, संच मध्ये, आणि सगळ्यात वर पहिल्या संध्याकाळी लागणारं: समुद्राचा संच, पावडर, पंचे. मुलं कुडाळला उतरल्यापासून ‘समुद्र कधी?’ विचारत असतात. मालवणात पोचल्यावर पूर्ण बॅग न उपसता वरचं तेवढं काढता आलं पाहिजे.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा: चार्जर, धाकट्याची उशी, चष्मा, गॅसचा कॉक, दूधवाल्याला निरोप. सकाळी लागणाऱ्या वस्तू रात्री भरता येत नाहीत, आणि राहून जातात त्या याच.

कुडाळच्या एक स्टेशन आधी, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला, सगळ्यांच्या पायात चपला आणि सगळ्या बॅगा दाराशी. आधी एक मोठं माणूस उतरतं, मग मुलं त्याच्याकडे, मग बॅगा, शेवटी दुसरं मोठं माणूस सीट तपासून. हा क्रम गाडीतच मुलांना सांगून ठेवा.

परतीची बॅग

येताना सामान वाढतंच, म्हणून जातानाच एक मोठी कापडी पिशवी घडी करून तळाशी टाका. आंब्याची अख्खी पेटी मुलांसोबत आणू नका, ती दोन्ही हात अडवते. कापडी पिशवीत कागदात गुंडाळलेले डझनभर आंबे, तेही जरा कच्चे, ही मर्यादा. खाऊच्या डब्या रिकाम्या झालेल्या असतात, त्यांत काजू आणि फणसपोळी बसते. मालवणी खाजं उन्हात पाघळून चिकटतं, ते वेगळ्या पिशवीत. कोकमाच्या आगळाची बाटली झाकणाखाली प्लॅस्टिक लावून घट्ट बंद करा आणि सॅकमध्ये उभी ठेवा. कपड्यांत अजिबात नाही, त्याचा डाग निघत नाही.

ओले आणि वाळूचे कपडे जाड पिशवीत, पिशवी मोठ्या बॅगेच्या वरच्या बाजूला. कोकणकन्येत मुलं बसल्या बसल्या झोपी जातील, म्हणून मुक्कामावरून निघतानाच त्यांना झोपायचे कपडे घालून बाहेर पडा. चड्डीही बदललेली असू द्या. घरी पोचलात की मोठी बॅग हॉलमध्ये उघडू नका. सरळ बाल्कनीत न्या आणि संच सोडायच्या आधी झटका, वाळू महिनाभर सोफ्यात सापडत राहते. सिरपच्या उघडलेल्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहूनच त्या कपाटात ठेवा.